तक्रार हेही एक निरीक्षण असते : ई-20 पेट्रोल आणि घरची जुनी एसयूव्ही

इंदूरला राहणाऱ्या माझ्या मामांकडे 2018 सालची सात आसनांची एसयूव्ही आहे. कंपनीचे नाव येथे गौण आहे. 2025 च्या पावसाळ्यात घरातील सहा माणसांना घेऊन घाट चढत असताना ती गाडी धक्के देत दोनदा बंद पडली. मागून ट्रक येत होते आणि गाडीत दोन लहान मुले होती. पुढे सर्व्हिस सेंटरमध्ये इंधनपंप आणि फिल्टर बदलण्यात आले. काम करणाऱ्या मेकॅनिकने दोष नव्या पेट्रोलला दिला. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने पेट्रोलचा काही संबंध नाही, गाडीचे वय झाले, असे सांगितले. मामांनी बिल भरले. काढलेला पंप भंगारात गेला.

या प्रसंगातील शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दोन परस्परविरोधी विधाने समोर होती आणि त्यांचा निवाडा करू शकणारा एकमेव पुरावा कोणी उघडूनही न पाहता फेकून दिला. ई-20 पेट्रोलविषयी देशभर चाललेल्या वादाचे स्वरूप नेमके असेच आहे.

आधी पार्श्वभूमी पाहू. भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल आयात होते. ते अवलंबित्व कमी करणे, कार्बन उत्सर्जन घटवणे आणि ऊस, मका, तांदूळ यांपासून मिळणाऱ्या इथेनॉलला बाजारपेठ देणे ही मिश्रण योजनेची उद्दिष्टे आहेत व ती रास्त आहेत. 2014 मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते. जून 2022 मध्ये ते 10 टक्क्यांवर पोहोचले. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात 20 टक्क्यांचे लक्ष्य 2030 साठी होते. ते पुढे 2025-26 वर आणले गेले आणि प्रत्यक्षात 2025 मध्येच गाठले गेले. म्हणजे दुसरे दहा टक्के जेमतेम तीन वर्षांत आले. ई-20 शी सुसंगत गाड्या मात्र सर्वसाधारणपणे एप्रिल 2023 पासून बाजारात येऊ लागल्या. त्याआधीच्या असंख्य गाड्या रस्त्यावर आहेत आणि पंपावर त्यांच्यासाठी वेगळी नळी नाही. मामांच्या गाडीच्या मार्गदर्शिकेत इथेनॉलची कमाल मर्यादा 10 टक्के छापलेली आहे.

आता वाहनधारकांच्या तक्रारी एकेक करून तपासू. पहिली तक्रार ॲव्हरेज घटल्याची. यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही, कागद-पेन्सिल पुरते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे 21. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणजे तो जणू थोडा जळलेलाच असतो. म्हणून त्याच्या ज्वलनातून ऊर्जा कमी मिळते. या हिशेबाने ई-10 मध्ये लिटरमागे सुमारे 30.9 आणि ई-20 मध्ये 29.8 मेगाज्यूल ऊर्जा राहते. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ही घट जवळपास सात टक्के, ई-10 च्या तुलनेत साडेतीन टक्के. इथेनॉलचा ऑक्टेन अंक अधिक असल्याने इंजिनाचे संपीडन गुणोत्तर वाढवून यातील काही भाग भरून काढता येतो. पण तो लाभ त्यासाठी रचलेल्या इंजिनाला मिळतो. 2018 च्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर पंपावर जाऊन बदलत नाही.

दुसरी तक्रार सकाळी गाडी सुरू होण्यास त्रास होण्याची आणि 'चेक इंजिन'चा दिवा लागण्याची. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जाळण्यास 14.7 किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त 9 किलो. ई-20 साठी हे प्रमाण सुमारे 13.5 होते. याचा अर्थ तेवढ्याच हवेत अधिक इंधन सोडावे लागते. आधुनिक गाडीत हे काम आपोआप होते. धूर जाणाऱ्या मार्गातील ऑक्सिजन सेन्सर इंधन कमी पडत असल्याचे सांगतो आणि नियंत्रक संगणक इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. या दुरुस्तीला मर्यादा असते. ई-10 वरून ई-20 वर जाताना सुमारे चार टक्क्यांची दुरुस्ती लागते. निरोगी इंधनप्रणालीला ती सहज पेलते. परंतु सात वर्षे चाललेल्या गाडीत इंजेक्टर थोडे चोंदलेले, पंप थोडा थकलेला आणि फिल्टर अर्धा भरलेला असेल, तर राखीव क्षमता आधीच खर्च झालेली असते. शिवाय इंजिन थंड असताना सेन्सर कामाला लागलेला नसतो, आणि इथेनॉलचे बाष्पीभवन होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. थंडीत सकाळी गाडी कुरकुरते ही तक्रार म्हणूनच भौतिकशास्त्राला धरून आहे.

तिसरी तक्रार पंप, फिल्टर आणि रबरी नळ्यांची. इथेनॉल ध्रुवीय विद्रावक आहे. वर्षानुवर्षे टाकीत साचलेला थर तो सैल करू शकतो. तो गाळ फिल्टरमध्ये अडकतो आणि पंपावर ताण येतो. जुन्या प्रकारची काही रबरे त्यात फुगतात, काही धातू गंजतात. यातले काहीही अटळ नाही. योग्य रबर, योग्य लेप आणि इंधनातील गंजरोधक द्रव्य यांनी हे रोखता येते. मात्र ते तुमच्या गाडीत आहे की नाही, हे फक्त उत्पादक सांगू शकतो.

पाण्याविषयी एक समज दुरुस्त करायला हवी. इथेनॉल पाणी शोषते हे खरे. परंतु ई-20 वेगळे होण्यापूर्वी ई-10 पेक्षा अधिक पाणी सामावून घेऊ शकते. पंपाच्या भूमिगत टाकीत पावसाचे पाणी शिरले तर मात्र सीमा ओलांडली जाते, आणि पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात. गाडीचा पंप इंधन तळातूनच ओढतो. अशा वेळी दोष मिश्रणाच्या टक्केवारीपेक्षा साठवणुकीचा अधिक असतो, पण बिल येते ते गाडीमालकालाच.

इतके सांगितल्यावर मी वाहनधारकांच्या बाजूने उभा आहे असे वाटेल. तसा मी आहेही. परंतु दुसरी बाजूही तितक्याच कठोरपणे मांडली पाहिजे. मामांनी मला फोनवर सांगितले होते की गाडीचे ॲव्हरेज "निम्म्यावर आले." मामा निवृत्त शिक्षक. गाडी घेतल्यापासून प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्याची नोंद ते एका वहीत करतात : तारीख, किलोमीटर, लिटर. ती वही आम्ही दोघांनी मिळून तपासली. घट होती, पण ती लिटरमागे अर्ध्या किलोमीटरच्या आसपास होती. रागाने तिला निम्मे केले होते. वहीने मामांना खोडून काढले, आणि काहीच फरक पडत नाही म्हणणाऱ्यांनाही.

समाजमाध्यमांवर ॲव्हरेज तीस-चाळीस टक्के घटल्याचे जे दावे फिरतात, त्यांचे स्पष्टीकरण केवळ इथेनॉलच्या ऊर्जामूल्याने होऊ शकत नाही. तेथे भेसळ, टायरमधील हवा, वाहतूककोंडी, बिघडलेला सेन्सर किंवा चुकीचे मोजमाप यांचा शोध घ्यावा लागेल. सात वर्षांच्या गाडीचा इंधनपंप इथेनॉलविनाही निकामी होतो. ई-20 आल्यानंतर पंप बिघडला, म्हणून ई-20 मुळे बिघडला, हा तर्क पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शोभणार नाही. खरा प्रश्न असा की, अशा गाड्यांचे पंप बिघडण्याचे प्रमाण पूर्वीपेक्षा वाढले आहे काय? त्याचे उत्तर एका गाडीत नसते, ते हजारो गाड्यांच्या नोंदीत असते.

येथे माझा शासनाशी मतभेद आहे. ऑगस्ट 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने या चिंता बहुतांशी निराधार असल्याचे सांगितले. त्याच निवेदनांत, इंधनक्षमता किंचित घटते आणि काही जुन्या गाड्यांतील रबरी भाग लवकर बदलावे लागू शकतात, हेही मान्य केले. नीती आयोगाच्या जून 2021 च्या आराखड्यात तर आकडेच दिलेले आहेत. शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व ई-10 साठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांत ई-20 मुळे सहा ते सात टक्के घट, आणि ई-10 साठी रचलेल्या व ई-20 साठी जुळवलेल्या गाड्यांत एक ते दोन टक्के. म्हणजे तक्रारींतला गाभा शासनाच्या स्वतःच्या कागदांत आधीपासून आहे. जे आपणच लिहून ठेवले, ते नागरिकाने अनुभवून सांगितले की त्याला अफवा कसे म्हणावे?

त्याच आराखड्यात जुन्या गाड्यांसाठी ई-10 उपलब्ध ठेवण्याचा विचार मांडला होता आणि ग्राहकाची भरपाई व्हावी म्हणून इंधनाच्या किमतीत सवलत सुचवली होती. आता मंत्रालय सांगते की इथेनॉलची खरेदी किंमतच वाढल्याने ते पेट्रोलपेक्षा स्वस्त राहिलेले नाही. हे अर्थशास्त्र समजण्यासारखे आहे. पण वर्षाला बारा हजार किलोमीटर चालणाऱ्या आणि लिटरला 13 किलोमीटर देणाऱ्या गाडीला साडेतीन टक्के घटीमुळे तीसेक लिटर पेट्रोल अधिक लागते. रक्कम प्रचंड नाही. पण हा राष्ट्रीय धोरणाचा खर्च आहे आणि तो कोण सोसतो हे उघड बोलले गेले पाहिजे.

सर्वांत मोठी उणीव मात्र नोंदीची आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद आली. एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले आणि वाहनधारकांना तक्रार नोंदवण्यासाठी शासकीय पोर्टल मिळाले. परंतु हे नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहेत, आणि त्यांचा रोख गाडीतील दोषावर आहे. मामांची गाडी नेमकी सात वर्षांची झाली आहे. तिच्यात दोष नव्हताच म्हणावे, तर बदलले ते तिचे इंधन. उत्पादक मार्गदर्शिकेकडे बोट दाखवतो, तेल कंपनी आपले पेट्रोल ठरलेल्या मानकात बसते असे म्हणते, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर ठरतात. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. ज्या गाड्यांना या बदलाचा धोका अधिक, त्याच गाड्यांची तक्रार घ्यायला कोणतीही खिडकी उघडी नाही.

ब्राझीलचे उदाहरण या वादात नेहमी दिले जाते. ते योग्यच आहे. पण ते पूर्ण सांगावे. ब्राझीलने 1975 मध्ये इथेनॉल कार्यक्रम सुरू केला आणि ऑगस्ट 2025 मध्ये पेट्रोलमधील प्रमाण 30 टक्क्यांवर नेले. मध्ये पन्नास वर्षे गेली. त्या काळात तेथील गाड्यांची रबरे, धातू आणि इंजिने बदलत गेली, आणि 2003 पासून कोणत्याही प्रमाणातील मिश्रणावर चालणाऱ्या फ्लेक्स-इंधन गाड्या तेथे आल्या. इथेनॉलवर गाडी चालते हे ब्राझीलने निःसंशय सिद्ध केले आहे. इथेनॉलसाठी न रचलेली गाडी किती काळ विनातक्रार चालते, हे आपल्याच रस्त्यांवर मोजावे लागेल.

म्हणून माझे मागणे साधे आहे. पंपावर मिश्रणाची टक्केवारी ठळक लिहिलेली असावी. जुन्या गाड्यांसाठी काही वर्षे तरी ई-10 चा पर्याय असावा. प्रत्येक उत्पादकाने मॉडेल आणि वर्षानुसार कोणते भाग बदलावे लागतील, याची यादी प्रसिद्ध करावी. आणि इंधनप्रणालीच्या तक्रारींसाठी गाडीच्या वयाची अट नसलेली सार्वजनिक नोंदवही असावी, ज्यात गाडीचे वर्ष, धाव, बिघडलेला भाग आणि इंधनाच्या नमुन्याची तपासणी नोंदलेली असेल. तक्रारी खोट्या असतील तर ही नोंदवहीच त्या खोट्या पाडेल. योजनेच्या समर्थकांनी तिला घाबरण्याचे कारण नाही.

विद्यार्थी मित्रांनो, यात तुम्हालाही काम आहे. घरच्या गाडीची वही सुरू करा. टाकी पूर्ण भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा पूर्ण भरा. किमान पाच टाक्यांची सरासरी काढा, एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि ज्योतीपासून दूर, मोजपात्रात पेट्रोल व थोडे पाणी हलवून ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर फुगतो. त्यावरून मिश्रणाच्या प्रमाणाचा ढोबळ अंदाज येतो. घरी मात्र हा प्रयोग कदापि करू नका.

आणि गाडीचा एखादा भाग बदललाच, तर जुना भाग मागून घ्या. मामांनी या वेळी नवा फिल्टर बसवताना तसे केले. तो जुना फिल्टर सध्या त्यांच्या पडवीत एका काचेच्या बरणीत, तारखेची चिठ्ठी लावून ठेवलेला आहे. तो तपासायला कोणी येईल का, हे त्यांना ठाऊक नाही. पण या वेळी पुरावा भंगारात गेलेला नाही.