एकच आकडेवारी, एकोणतीस उत्तरे

'वैज्ञानिकांनी सिद्ध केले आहे' असे म्हटले की आपल्याकडे चर्चा थांबते. पण हाती आलेली आकडेवारी आणि तिच्यावरून मांडलेला सिद्धांत यांच्यामध्ये माणसांनी घेतलेले अनेक निर्णय असतात. निष्कर्षावर किती विसंबायचे हे त्या निर्णयांवर ठरते. म्हणून ते उघडपणे मांडले गेलेच पाहिजेत, असे आमचे ठाम मत आहे.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखा आहे. काळ्या वर्णाच्या फुटबॉलपटूंना पंच जास्त वेळा लाल कार्ड दाखवतात का, हा एकच प्रश्न आणि इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स व स्पेनमधल्या २,०५३ खेळाडूंची एकच आकडेवारी २९ गटांतल्या ६१ विश्लेषकांना देण्यात आली. २० गटांना वर्ण आणि कार्ड यांच्यात संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणारा संबंध आढळला, ९ गटांना आढळला नाही. यात लबाडी कुणाचीच नव्हती. खेळाडू बचावफळीत खेळतो की आक्रमणात, हे हिशेबात धरायचे का? एकाच पंचाचे अनेक निर्णय परस्परांपासून स्वतंत्र मानायचे का? प्रत्येक गटाची उत्तरे समर्थनीय होती, तरी वाटा फुटल्या. शिवाय संबंध आढळला तरी तो पंचांच्या पूर्वग्रहामुळेच, हे ही आकडेवारी सांगू शकत नव्हती. खरी जोखीम असते ती संबंधावरून कारण ठरवण्याच्या या शेवटच्या पायरीवर.

सामाजिक शास्त्रांत असे चालायचेच, भौतिकशास्त्राचे तसे नाही, असे कुणी म्हणेल. पण मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचे जाहीर केले. संकेत खरा होता. मात्र आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा त्यातला वाटा कमी धरला गेला होता. वर्षभरातच प्लँक उपग्रहाच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर तो दावा टिकला नाही. याउलट, २०११ मध्ये न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा वेगाने आल्याचे मोजमाप ऑपेरा या प्रयोगाच्या गटाच्या हाती आले, तेव्हा त्या गटाने त्याचा सैद्धांतिक अर्थ लावणे जाणीवपूर्वक टाळले आणि इतरांना तपासणीचे आवाहन केले. पुढे दोष निघाला तो नीट न बसलेल्या एका केबलचा! संशोधकाचा संयम म्हणतात तो हा.

मग विज्ञान म्हणजेही ज्याचे त्याचे मतच का? मुळीच नाही. गोऱ्या खेळाडूंना जास्त लाल कार्डे मिळतात, असा कसोटीला उतरणारा उलटा निष्कर्ष २९ पैकी एकाही गटाला काढता आला नाही. आकडेवारी मतभेदांना मुभा देते, मनमानीला नाही. धुळीचा वाटा दाखवणाऱ्या अंतिम विश्लेषणात खुद्द बायसेपचे संशोधकही सहभागी होते. स्वतःचा दावा असा मागे घेण्याची ताकद फार थोड्या ज्ञानव्यवहारांत आहे. ती जपायची तर संशोधकांनी मूळ नोंदी आणि विश्लेषणाची पद्धत खुली करावी, वृत्तपत्रांनी एकट्या शोधनिबंधावर मथळे बेतू नयेत आणि 'हे आणखी कुणी तपासले आहे का?' असे वाचकांनी हक्काने विचारावे. या अंकातल्या लेखांनाही हाच प्रश्न विचारा.

– संपादक