गावाची नजर आता खिशात



खासगी जीवन ही बंगलेवाल्यांची चैन, असं आपल्यातलेच काहीजण म्हणतात. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं, तिथं कसलं आलंय खासगी? मला हे साफ नामंजूर आहे. ज्याच्या खोलीला दार नसतं त्यालाच दाराची किंमत कळते.

गावगाड्याने आपल्याला खासगी असं काही ठेवूच दिलं नाही. काय खाल्लं, काय नेसलं, कुणाशी बोललं, सगळ्यावर गावाची पाळत. आपला नगर जिल्हाच घ्या. आता तो अहिल्यानगर झाला. पाटी बदलली, नजर तीच. एप्रिल २०१४. जामखेड तालुक्यातलं खर्डा. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून सतरा वर्षांच्या दलित पोराला हालहाल करून मारलं. २०१७ साली नगरच्या सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. त्या पाळतीला कुठलं यंत्र लागलं नव्हतं. मे २०१५. शिर्डीत लग्नाला आलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्याचा मोबाईल वाजला. रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची. फिर्याद अशी की तेवढ्यावरून त्याला उचलून नेलं आणि ठार मारलं. फोनने जात सांगितली, जातीने खून पाडला.

आता फोन न वाजताही सांगतो. तू कुठं आहेस, कुणाला भेटलास, रात्री कितीपर्यंत जागा होतास. डीपीवरचा निळा झेंडा, मोर्चाचं लाइव्ह, सगळा हिशेब कंपनीच्या वहीत. २०१९ साली व्हॉट्सअ‍ॅपनेच कबूल केलं की पेगॅसस नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर भारतातल्या पत्रकारांच्या, कार्यकर्त्यांच्या फोनवर सोडलं गेलं. ज्यांना सावध केलं गेलं त्यांत आनंद तेलतुंबडे होते. आपल्यातला लिहिणारा, विचार करणारा माणूस!

हे नवं नाही. पारध्यांना विचारा. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पोलिसपाटलाकडे हजेरी, बोटांचे ठसे. १९५२ साली तो कायदा गेला, संशय गेला नाही. आज रेशनच्या दुकानात अंगठा, गोदीच्या गेटवर अंगठा. अंगठेबहाद्दर म्हणून हिणवलेल्यांची पोरं शिकली, तरी अंगठा काही सुटला नाही.

४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत ठणकावलं की या राज्यघटनेचा घटक गाव नाही, व्यक्ती आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. मग २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला आणि त्यात सरकारने आपल्याच यंत्रणांना सूट द्यायची पळवाट ठेवली. कुंपणच शेत खाणार!

तेव्हा पोरांनो, मोर्चातल्या साथीदाराचा चेहरा त्याला न विचारता टाकू नका. बैठकीचा पत्ता ग्रुपवर फिरवू नका. अंगठा मागणाऱ्याला आधी विचारा, कशाला पाहिजे? आणि त्या पळवाटेविरुद्ध रस्त्यावर उतरा.

गाणं मात्र बंद करायचं नाही. खासगीपणा म्हणजे तोंड लपवणं नव्हे. काय झाकायचं आणि काय चौकात वाजवायचं, हे ठरवणारे आपण. गाव नाही, कंपनी नाही, सरकार नाही.

जयभीम!