घरी सोडण्यापूर्वी

गळ्यात नळी असलेले मूल रडते तेव्हा बहुधा आवाज येत नाही. चेहरा लाल होतो, ओठ थरथरतात, डोळ्यांतून पाणी वाहते. पण श्वास स्वरयंत्रापर्यंत न पोहोचता खालीच नळीवाटे बाहेर पडतो, त्यामुळे शेजारच्या खोलीत काही कळत नाही. म्हणून अशा मुलाची आई रात्री त्याच्या छातीवर हात ठेवून झोपते. ‘ट्रेकिऑस्टॉमी झाली, प्रकृती स्थिर’ असे कागदावर लिहिताना आपल्याला त्या हाताची आठवण क्वचितच होते.

एके काळी ही शस्त्रक्रिया मुख्यतः घटसर्पासाठी होत असे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आर्मां त्रूसो यांनी गुदमरणाऱ्या मुलांवर ती करून तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. मूल वाचले की नळी काढली जाई. लसीकरणामुळे घटसर्प पुष्कळ मागे हटला आणि आता आपल्यासमोर येणारी मुले निराळी आहेत. अपुऱ्या दिवसांची, आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर राहिल्याने स्वरयंत्राखालचा मार्ग आकसलेली. जन्मतःच जबडा लहान असलेली. स्नायू दुबळे असलेली. पूर्वी यांतील कित्येक वाचतच नसत. नवजात अतिदक्षता विभागांच्या यशाची ही दुसरी बाजू म्हणावी लागेल. शस्त्रक्रिया थोडक्या वेळात आटोपते, नळी मात्र महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे राहते, आणि तो सारा काळ मूल घरी असते.

काही वर्षांपूर्वी निमाडातील एका दोन वर्षांच्या मुलाला मी घरी सोडले. आईला सक्शन उत्तम शिकवले होते; बाई चपळ होती. एके दिवशी ती बाजाराला गेली असता नळी चिकट कफाने बंद झाली. घरात आजी एकटी. तिने पाठ चोळली, पाणी पाजून पाहिले, मग शेजाऱ्याच्या मोटारसायकलवरून आरोग्य केंद्र गाठले. तेथे रीतीप्रमाणे ऑक्सिजनचा मास्क नाका-तोंडावर लागला. वरचा मार्ग आकसला होता म्हणूनच तर नळी घातली होती, पण गळ्याकडे पाहा असे तेथे कोणाला सांगितलेच नव्हते. आमचे डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत होते आणि तेही घरी राहिले होते. दुसरी नळी घरात होती. आईने ती कापडात गुंडाळून ट्रंकेत जपून ठेवली होती, कारण ‘महाग आहे, सांभाळा’ असे मीच तिला बजावले होते. मूल आमच्यापर्यंत पोहोचले नाही.

तेव्हापासून माझे मत ठाम झाले आहे. घरातील दोन माणसांनी आपल्यासमोर, आपली मदत न घेता, नळी बदलून दाखवल्याशिवाय अशा मुलाला घरी सोडू नये. एकच शिकलेले माणूस पुरत नाही. ते आजारी पडते, बाजाराला जाते, झोपते. वडील बहुधा दाराशी उभे राहून पाहतात. त्यांना हाताला धरून आत आणावे. खाटा कमी आहेत, बिल वाढते, हे आक्षेप मला मान्य आहेत. मीही त्याच कारणाने घाई केली होती. परंतु या दिवसांसाठी अतिदक्षता विभागाची खाट अडवावी लागत नाही. साध्या वॉर्डात, परिचारिकेच्या नजरेखाली, दोन-चार रात्री सगळे सक्शन घरच्यांनीच करावे, एवढेच.

शिकवायचे ते फार नाही. सक्शनचा कॅथेटर नळीच्या लांबीइतकाच आत जावा, त्यावर आधीच खूण करून ठेवावी, आणि दहा सेकंदांच्या आत तो बाहेर यावा. फीत बांधल्यावर खाली एक बोट जेमतेम सरकावे. त्याच मापाची एक आणि अर्ध्या मापाने लहान अशी एक नळी, कात्री, फीत आणि वीज गेल्यावर उपयोगी पडणारे पायाने चालणारे सक्शन एका पिशवीत असावे. ही पिशवी ट्रंकेत न ठेवता मुलाजवळ ठेवावी. ते जाईल तेथे ती जावी. हिंदीत, चित्रासह एक मोठे कार्ड असावे : ‘या मुलाचा श्वास गळ्यातून चालतो. ऑक्सिजन गळ्यावरही लावा.’ त्याची एक प्रत जवळच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागावी.

धुळीचा प्रश्न आहेच. हवा गाळण्याचे, ऊबदार आणि ओलसर करण्याचे नाकाचे काम इथे टळते, म्हणून कफ घट्ट होतो. नळीवर बसवायचे ‘कृत्रिम नाक’ त्यासाठीच असते. इंदूरच्या रंगपंचमीची गेर पाहायला न्यावे का, असे पालक दरवर्षी विचारतात. राजवाड्याच्या गर्दीत, उडणाऱ्या गुलालात नको, असे मी सांगतो. पण मुलाला कायमचे खोलीत कोंडणेही मला मंजूर नाही. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. तरी एका शाळेने अशा मुलीसाठी माझ्याकडे लेखी हमी मागितली. बाकीच्या मुलांची हमी कोणी दिली आहे, असे मी विचारले. पुढे तिथल्याच एका शिक्षिकेने दुपारभर बसून सक्शन शिकून घेतले आणि तो वाद मिटला.

आपले मंडळ वर्षातून शिबिरे घेते. तसेच सक्शन यंत्रांचे एक छोटेसे संग्रहालय का चालवू नये? कान-नाक-घसा तज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, सारेच आपल्यात आहेत. मुलाची नळी निघाली की घरातले यंत्र पलंगाखाली पडून राहते, आणि त्याच वेळी दुसरे कुटुंब त्यासाठी कर्ज काढत असते. पालकांनी परत आणून दिलेली दोन यंत्रे सध्या माझ्या दवाखान्याच्या कपाटात आहेत. शेजारी एक जुनी बाहुली आहे; तिच्या गळ्याला भोक पाडून मी त्यात नळी बसवली आहे. आज्यांना सराव करायला ती फार बरी पडते. यंत्र हवे असेल त्यांनी केव्हाही न्यावे, मात्र बाहुलीसुद्धा न्यावी.