आजीचे स्मरण कसे करावे?

नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. घरातील म्हातारी वारली. आता तेरावे घालावयाचे नाही, पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहावयाची नाही, पितृपंधरवड्यात पान वाढावयाचे नाही. मग तिच्यासाठी करावयाचे तरी काय? विचारणाऱ्याच्या स्वरात पुष्कळदा अपराधीपणा असतो. धर्म बदलला आणि आजीला वाऱ्यावर सोडले, असे त्याला मनातून वाटत असते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सहावी श्राद्धपक्ष व पिंडदान यांविषयी आहे. तिचा अर्थ निःसंदिग्ध आहे आणि तीत सूट मागण्याचे कारण नाही. मेलेल्या माणसास भाताचा गोळा पोहोचत नाही. परंतु त्या प्रतिज्ञेत स्मरणाला कोठेही मनाई केलेली नाही. जे महामंगलसुत्त आपण घरोघरी म्हणतो, त्यात मातापित्यांची सेवा आणि कृतज्ञता यांची गणना उत्तम मंगलांत केली आहे. अडचण अशी की आपण श्राद्ध टाकले, पण त्या जागी पुरेसे काही ठेवले नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, त्रिशरण-पंचशील होते, दोन वक्ते 'प्रेमळ होत्या, कष्टाळू होत्या' असे सांगतात आणि मंडळी जेवणाकडे वळतात. हे शब्द कोणत्याही म्हातारीला लागू पडतील. जी गेली तिच्याविषयी त्यांत काहीच नसते.

वाचकहो, आपण ज्या दोन महापुरुषांच्या तसबिरी घरात लावतो, ते दोघेही आईवेगळे वाढले. सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामाया निवर्तली. त्याला वाढविले ते मावशी महाप्रजापती गौतमीने. भीमराव लहान असतानाच साताऱ्यास भीमाबाई वारल्या. पुढे त्या मुलांचे केले ते रामजी सुभेदारांची बहीण मीराबाई हिने. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, तो दिवस आपण विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. पण मीराबाईचे नाव आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? गौतमीच्या बाबतीत बौद्ध परंपरा अधिक कृतज्ञ ठरली. थेरीगाथेत तिच्या स्वतःच्या गाथा जपल्या गेल्या आहेत.

माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. मला वाढविले आजीने. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी ती दुसऱ्याच्या रानात आल्याची, हळदीची भांगलण करी आणि संध्याकाळी चिमणीची काच पुसून माझ्यापुढे ठेवी. तिला अक्षर येत नव्हते, पण मी मोठ्याने वाचलेच पाहिजे असा तिचा हट्ट असे. मी वाचताना एखादी ओळ गाळली तर तिला कळे. कसे कळे ते मला आजही उमगलेले नाही. माझ्या शाळेच्या फीची प्रत्येक पावती तिने एका पत्र्याच्या पेटीत ठेवली होती.

आजोबा मुंबईत गिरणीत होते. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या चितेपाशी लोकांनी भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून दीक्षा घेतली, त्या लोकांत तेही होते. गावी आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातील सगळे देव फडक्यात बांधून कृष्णेत सोडले. आजी तेव्हा विशीतली होती. तिने एक चांदीचा लहान टाक मागे ठेवून घेतला. तिच्या आईने लग्नात दिलेला तो भवानीचा टाक होता.

मी विधी महाविद्यालयात गेले आणि फार शहाणी झाले. एकदा सुटीत घरी आले असता आजी तो टाक राखेने घासताना दिसली. मी तिला बावीस प्रतिज्ञा ऐकविल्या. पाठ होत्या, त्या ओळीने म्हटल्या. ती एवढेच बोलली, "देव म्हणून न्हाई गं ठेवला. माझ्या आईचा हात लागलाय त्याला." तिने टाक पेटीत ठेवला आणि पुन्हा कधी माझ्यादेखत बाहेर काढला नाही. तिच्याशी वाद मी जिंकला होता.

बंधू-भगिनींनो, हे सांगण्याचे कारण असे की हाच वाद आज तुमच्या घरात चालू असण्याचा संभव आहे. काल-परवा दीक्षा घेतलेला नातू आजीच्या गळ्यातील माळ ओढून काढतो, तिच्या ओव्यांत विठ्ठलाचे नाव येते म्हणून तिला गप्प करतो. प्रतिज्ञा माणसाने स्वतः घ्यावयाच्या असतात. दुसऱ्याला, त्यातून आपल्याला अंगाखांद्यावर वाढविणाऱ्या म्हातारीला झोडपण्यासाठी त्या दिलेल्या नाहीत. 'अशा सवलतीने जुने देव पुन्हा घरात शिरतील' असा आक्षेप काही धम्मबांधव घेतील. भीती निराधार नाही. घसरलेली घरे मीही पाहिली आहेत. पण ती आजीच्या पेटीतील टाकामुळे घसरली नाहीत. शिकल्यासवरलेल्या नातवंडांनी हौसेने मांडलेल्या पूजांमुळे घसरली.

आणि ओव्यांविषयी म्हणाल, तर हेमा राईरकर व गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आपल्या बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्याही आहेत. ज्या जात्यावर विठ्ठल आला त्याच जात्यावर भीम आला. त्या बायांना गप्प केले असते तर दोन्ही गेले असते.

जिवंतपणीच्या स्मरणाविषयी वकील म्हणून थोडे सांगितले पाहिजे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ हा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता आजोबा वारले, तर त्यांच्या मिळकतीत आजीचा हिस्सा मुलाच्या हिश्श्याइतकाच असतो. दीक्षेने तो कमी होत नाही. तरीही अडाणी म्हणून हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला जातो आणि तिला वाचून कोणी दाखवीत नाही. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयी २००७ साली झालेल्या कायद्यात सज्ञान नातू व नातही जबाबदार धरली आहेत. उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे आजीला अर्ज करता येतो. असे अर्ज मी चालविले आहेत. ज्यांच्याविरुद्ध ते होते, त्यांतील काहींच्या दारावर पंचशीलाचा ध्वज होता. अशा घरी पुण्यानुमोदन कितीही थाटाने झाले तरी ऐकणाऱ्या शेजाऱ्यांना सर्व ठाऊक असते.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. आजी हयात असेल तर एक वही घ्या आणि तिच्यापाशी बसा. तिचे माहेर कोणते, तिच्या आईवडिलांची नावे काय, लग्नात काय मिळाले, गावकीची कोणती कामे तिने केली, पाणी कोठून आणले, कोणी अडविले, दीक्षेच्या दिवशी ती कोठे होती, हे तिच्याच शब्दांत उतरून घ्या. देवादिकांचे उल्लेख गाळू नका. सरकारी दफ्तरात तिची नोंद बहुधा अमक्याची बायको एवढीच असते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव घालण्याचा नियम झाला. तुमच्या आजीला त्याचा उपयोग नाही. आजी गेली असेल तर तिच्या बरोबरीच्या बायांना विचारा, आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशी व्याख्यानाऐवजी ती वही वाचा. पुढल्या वर्षी त्याच तिथीला नातवंडांकडून पुन्हा वाचून घ्या.

माझी आजी गेली त्यानंतर पेटी मी उघडली. पावत्या होत्या, वर्षवार लावलेल्या, आणि तळाशी फडक्यात टाक होता. तो आज माझ्या कपाटात आहे. त्याची पूजा होत नाही. तो मी नदीतही सोडलेला नाही. त्यानंतर मीही वही लिहावयास बसले. आजीचे नाव लिहिले, माहेरचे गाव लिहिले, आणि तिसऱ्याच ओळीला थांबले. जिचा हात त्या टाकाला लागला होता, त्या बाईचे नाव मी आजीला कधी विचारलेच नव्हते. ती ओळ अजून कोरी आहे.