अंतर कुणाचे कमी झाले?

सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ यांमधील सर्वांत जवळचे अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर आहे. म्हणजे पृथ्वीच्या परिघाच्या तृतीयांशाहून अधिक. विमान ते कोठेही न उतरता अठरा-एकोणीस तासांत कापते. नियमित विनाथांबा प्रवासी उड्डाणांत हे जगातील सर्वांत लांब पल्ल्याचे उड्डाण. विज्ञानाने अंतर जिंकले, जग जवळ आले, असा डांगोरा या निमित्ताने पिटला जातो. जग जवळ आले हे खरे, पण कोणाला?

उत्तर आसनांच्या आराखड्यातच आहे. या मार्गावरील सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानात १६१ आसने आहेत : बिझनेस वर्गाची ६७, प्रीमियम इकॉनॉमीची ९४. साध्या इकॉनॉमी वर्गाचे एकही नाही! याच कंपनीच्या, याच जातीच्या, लांब पल्ल्याच्या इतर विमानांत २५३ आसने असतात आणि त्यांतील १८७ साधी असतात. न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कला जाणाऱ्या तिच्या जुन्या विमानात तर २००८ पासून २०१३ साली ती सेवा बंद होईपर्यंत अवघी शंभर आसने होती, सर्व बिझनेस वर्गाची.

याचे समर्थन तांत्रिक भाषेत केले जाते. एवढ्या पल्ल्यासाठी विमानात १,६५,००० लिटरपर्यंत इंधन भरण्याची सोय करावी लागली. ते इंधन वाहून नेण्यासाठीच आणखी इंधन जळते, म्हणून माणसे कमी घ्यावी लागतात. इथवरचे पदार्थविज्ञान निर्विवाद आहे. परंतु कमी माणसे न्यायची तर ती श्रीमंतच असावीत, असे कोणतेही पदार्थविज्ञान सांगत नाही. झोपण्याजोगे पसरणारे आसन साध्या आसनाहून जड असते, जागाही अधिक अडवते. खरी चिंता वजनाची नसून दर आसनामागे पडणाऱ्या मिळकतीची आहे. साध्या भाड्याच्या प्रवाशाने फ्रँकफुर्टमार्गे जावे आणि कित्येक तास अधिक मोजावेत.

आणि ही कंपनी कोणा खाजगी शेठजीची नव्हे. तिचे निम्म्याहून अधिक भाग सिंगापूर सरकारच्या टेमासेक या गुंतवणूक संस्थेकडे आहेत. सरकारी मालकी आली की समाजवाद आला, असे मानणाऱ्यांनी (आपल्यातही ते कमी नाहीत) हा दाखला जपून ठेवावा. मालकी सरकारची आणि हिशेब नफ्याचा, अशी जोडी सुखाने नांदू शकते.

त्याच सिंगापुरात तमिळनाडू आणि बांगलादेशातून आलेले बांधकाम मजूर मालवाहू लॉरीच्या मागच्या फळीवर बसून कामावर जातात. ही पद्धत बंद करावी अशी मागणी २०२३ साली पुन्हा झाली. लहान उद्योगांना खर्च झेपणार नाही, असे सांगून सरकारने ती फेटाळली. साडेपंधरा हजार किलोमीटरसाठी पैसा निघतो; वसतिगृहापासून इमारतीच्या पायापर्यंतच्या काही किलोमीटरांसाठी मात्र निघत नाही.

भारताला हे प्रकरण परके नाही. १९५३ साली राष्ट्रीयीकरण झालेली एअर इंडिया २०२२ च्या जानेवारीत टाटांच्या हाती गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाल्यावर २५.१ टक्के भाग सिंगापूर एअरलाइन्सकडे आले. एअर इंडियाने आपल्या जुन्या विमानांच्या अंतर्भागाचे नूतनीकरण हाती घेतले आहे. त्यात साधी आसने किती उरणार, आणि आखातात मजुरीसाठी जाणाऱ्याच्या वाट्याला काय येणार, याची लेखी आकडेवारी संसदेत मागितली गेली पाहिजे.