चोर दूर, ठाणे जवळ हवे

कन्नडसारख्या गावी पूर्वी चोर आला, तर तो गौताळ्याच्या घाटाकडे पळे व त्याचा माग तरी काढता येई. आजचा चोर शेकडो कोसांवरून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पोलिसी गणवेशात अवतरतो, 'तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे' असे दरडावतो आणि सेवानिवृत्त मनुष्याची आयुष्यभराची पुंजी हां हां म्हणता लुबाडतो. वस्तुतः अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. अटक म्हणजे प्रत्यक्ष ताब्यात घेणे. ती पडद्यावरून होत नसते.

कायदा अगदीच दुबळा आहे असे नव्हे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड तोतयास व कलम ६६ ई खाजगी अंगांची चित्रे चोरून टिपणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. परंतु त्याच कायद्याच्या ७८ व्या कलमाने तपासाचा अधिकार निरीक्षक वा त्यावरील अधिकाऱ्यासच दिला आहे. ज्या ठाण्यात निरीक्षक एकच, तेथे तपास रेंगाळला तर नवल काय? प्रशिक्षित उपनिरीक्षकांस हा अधिकार देण्यात यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोवर फिर्याद तरी नाकारली जाऊ नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमान्वये असा गुन्हा कोठेही घडो, जवळच्या ठाण्याने तो नोंदविलाच पाहिजे. 'संभाजीनगरास जा' हे उत्तर नव्हे. फसगत होताच १९३० या क्रमांकावर कळवावे, म्हणजे पैसा पुढे सरकण्यापूर्वी गोठविता येईल. फसलेल्याने लाज बाळगण्याचे कारण नाही. लाज चोराने बाळगावी, आणि त्याला परत पाठविणाऱ्या ठाण्यानेही!