पंचवीस आणि २५

गणित ही एक भाषा आहे, हे विधान आम्ही भाषाविज्ञानाच्या तासाला वर्षानुवर्षे करीत आलो. त्याचा अर्थ आम्हाला नीट कळला नव्हता, हे २०१९ च्या जूनमध्ये उघड झाले.

त्या वर्षी बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' अशी संख्यावाचनाची रीत आली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. मराठीवर घाला आल्याची ओरड झाली, विधिमंडळात थट्टा झाली. आमच्या स्टाफरूममध्येही झाली, आणि तिच्यात आम्ही मराठीचे प्राध्यापक आघाडीवर होतो. 'बासष्ट'चा नाद 'साठ दोन'ला कुठून येणार, असे आमचे म्हणणे. ते आजही खोटे नाही. पण प्रश्न नादाचा नव्हता.

मूल 'पंचवीस' ऐकते तेव्हा आधी पाच ऐकते, मग वीस. ऐकल्या क्रमाने लिहिले की ५२ होतात. इथे त्याचे गणित चुकलेले नसते. एका भाषेचा पदक्रम त्याने दुसऱ्या भाषेत जसाच्या तसा नेलेला असतो. भाषांतराच्या उत्तरपत्रिकेत हीच चूक आम्ही सहानुभूतीने तपासतो. दुसरीतले मूल तिच्यापायी 'ढ' ठरते.

अंकांच्या भाषेत स्थान हेच व्याकरण आहे. 'रामाने आंबा खाल्ला' याचा क्रम बदलला तरी प्रत्यय अर्थ सांभाळून घेतो. २५ मधल्या अंकांना प्रत्यय नाहीत. मराठी संख्यानामे वेगळ्याच तर्काने चालतात. 'एकोणतीस' म्हणजे तिसाला एक उणे. शब्दात वजाबाकी आहे, २९ या चिन्हात तिचा मागमूस नाही. 'एकशे एकवीस'मध्ये तर आधी शतक, मग एकक, मग दशक! कन्नडमध्ये एकविसातला वीस आधी येतो, त्यामुळे सीमेपलीकडच्या मुलाला हा वळसा पडत नाही. जर्मन मुलाला पडतो.

मोठे आधी सांगून भर मागून घालण्याची रीत मराठीला परकी नाही. शंभराच्या पुढे आपण ती रोज वापरतो. आमच्या जिल्ह्यातल्या नेवाशाला सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा काळ, शके १२१२, सांगणारी परंपरागत ओवीही आधी बाराशे सांगते आणि मग वरचे बारा. (ती ओवी कुणाची, हा वाद इथे नको. मराठी तर आहेच.)

कवितेचा अन्वय लावून दाखवला म्हणून कवितेचा अपमान झाला, असे कुणी म्हणत नाही. अन्वय लागला की विद्यार्थी मूळ ओळीकडे परततो. 'वीस एक' हा 'एकवीस'चा अन्वय होता. तो फळ्यावर लिहावा, समजेपर्यंत ठेवावा आणि मग 'एकवीस' तिच्या सगळ्या नादासह म्हणून घ्यावी, असे आमचे आजचे मत आहे. मराठी संख्यानामे मुलांच्या तोंडून जाऊ नयेत, ही काळजी आम्हालाही आहे. पण ज्याला पंचवीस म्हटले की धडकी भरते, ते मूल लवकरच 'ट्वेंटी फाइव्ह' म्हणू लागते, हे आम्ही घरोघरी पाहतो.

डॉ. नारळीकर २०२३ मध्ये गेल्या. अन्वयाचा हा मुद्दा त्या गदारोळात मांडणे गणिताच्या नव्हे, मराठीच्या शिक्षकांचे काम होते. आम्ही तेव्हा एक ओळही लिहिली नाही.